स्तनदुखी: मनाच्या आजारापासून रोजच्या नोंदीपर्यंत

पाळीच्या आधी आठ-दहा दिवस स्तन जड होतात, ठणकतात, कुशीवर झोपणेही नकोसे होते, अशी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला आज दोन महिने रोज नोंद ठेवायला सांगतात. एवढी साधी गोष्ट रुळायला वैद्यकाला जवळपास दीडशे वर्षे लागली.

लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये स्तनविकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. ही वेदना पाळीपूर्वी वाढते हे त्यांनी टिपले होते. मात्र अशा स्त्रिया चिंतातुर प्रकृतीच्या असतात, असेही त्यांचे मत होते, आणि पुढे तेच अधिक उचलले गेले. हाताला गाठ लागत नाही, म्हणजे दुखणे मनाचे, हा समज त्यामुळे घट्ट झाला आणि असंख्य बायकांना गप्प बसावे लागले.

तो समज प्रीस, मॅन्सेल आणि ह्यूज या वेल्समधील कार्डिफच्या शल्यविशारदांनी तपासून पाहिला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्तनदुखीच्या रुग्ण स्त्रिया मानसिकदृष्ट्या व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायांच्या शिरा फुगलेल्या, रुग्णांसारख्याच आढळल्या. मनोविकाराच्या रुग्णांशी त्यांचे साम्य नव्हते. या शल्यविशारदांच्याच क्लिनिकमधला वेदना नोंदवायचा तक्ता मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. दिवसाला एक चौकोन: तीव्र दुखले तर पूर्ण भरायचा, थोडे दुखले तर अर्धा, आणि पाळीच्या दिवसांची वेगळी खूण. महिनाअखेरीस दुखणे पाळीशी बांधलेले आहे की नाही, हे स्त्रीच्याच हातच्या नोंदीतून दिसते.

पाळीशी न जुळणारे, एकाच जागी टोचणारे दुखणे पुष्कळदा स्तनाचे नसतेच. स्त्रीला कुशीवर वळवले की स्तन बाजूला सरतो, आणि बरगडीवर बोट दाबताच ती नेमकी जागा दाखवते. बरगड्यांच्या कूर्चेच्या अशा वेदनादायक सुजेचे वर्णन जर्मन शल्यविशारद टिट्झे यांनी १९२१ मध्येच केले होते.

औषधांचा प्रवास मात्र फारसा सुखाचा नाही. डॅनाझोल या संप्रेरकांवर काम करणाऱ्या औषधाने वेदना कमी होते, पण वजन वाढते, चेहऱ्यावर केस येतात, आवाजही घोगरा होऊ शकतो. ईव्हनिंग प्रिमरोझ या वनस्पतीच्या बियांच्या तेलाचा स्तनदुखीवरचे औषध म्हणून असलेला परवाना ब्रिटनने २००२ मध्ये रद्द केला, कारण परिणामकारकतेचा पुरावा पुरेसा नव्हता. आज नीट तपासणी करून दिलेला धीर, घट्ट आधार देणारी ब्रा आणि गरजेपुरते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जेल यांवर बहुतेकींचे भागते. गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव किंवा त्वचेला पडलेली खळी असेल, तर मात्र नुसत्या धीरावर न थांबता सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी करावीच लागते.