तेल चोपल्याने कोंडा जात नाही

"डोकं कोरडं पडलंय, तेल चोप म्हणजे कोंडा जाईल," हा सल्ला लातूर-परभणीकडे घरोघरी मिळतो. करडईचं तेल कोमट करायचं, वर लिंबू पिळायचं. पापुद्रे तेलात चिकटून बसतात, कोंडा गेल्यासारखा वाटतो. गेलेला नसतो.

कोंड्याचं मूळ बहुतेकदा कोरडेपणात नसतंच. मॅलॅसेझिया नावाची बुरशी जवळपास प्रत्येकाच्या टाळूवर असते आणि टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडताना ओलेइक आम्ल तयार होतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांची टाळू खाजते, पापुद्रे भराभर सुटतात. अशा डोक्यावर रात्रभर तेल थापणं म्हणजे घुशीपुढे ज्वारीचं पोतं उघडून ठेवणं. लिंबू तर खाजवून सोललेल्या कातडीला नुसतं झोंबतं.

बोअरच्या जड पाण्यालाही उगाच बोल लावतात. त्या पाण्यात अंगाच्या साबणाचा पांढरा थर केसांत राहतो, दिसतो कोंड्यासारखा. साबण डोक्याला लावू नये, एवढंच.

मेडिकलमध्ये २ टक्के कीटोकोनॅझोलचा (हे बुरशी मारणारं औषध) शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा बोटांच्या पेरांनी टाळूला चोळायचा (केसांना नव्हे) आणि ३ ते ५ मिनिटं तसाच ठेवायचा. लावला की लगेच धुतला तर पैसे पाण्यात. फरक पडायला २ ते ४ आठवडे लागतात, आणि कोंडा पुन्हा उपटूही शकतो.

जाड चंदेरी खपल्या, किंवा लेकराच्या डोक्यात केस गेलेले गोल चट्टे दिसले तर मात्र घरी खटाटोप नको, थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.