इन्व्हेस्टमेंट फर्मसाठी डेव्हलपर पाहिजे? फोन करायच्या आधी एवढं वाचा

स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या फर्मचा मेसेज बहुतेक वेळा सारखाच असतोय, "फुल स्टॅक डेव्हलपर पाहिजे, 5 वर्षं अनुभव, फिनटेकवाला असला तर बरं, आजच रिझ्युमे पाठवा." आम्ही बेळगावातून अशा फर्मना डेव्हलपर शोधून देतो, पण त्याच दिवशी रिझ्युमे पाठवत नाही, त्यावरून बरेच जण नाराज होतात, म्हणून कारण सांगतो.

फिनटेकवाला म्हणजे पेमेंट, यूपीआय, लोन अ‍ॅप असलं काम केलेला. तुमच्याकडं त्यातलं काहीच नसतंय. क्वार्टर संपला की पोर्टफोलिओतल्या, म्हणजे तुम्ही पैसे घातलेल्या कंपन्यांचे एमआयएस (कमाई-खर्चाचे रिपोर्ट) येणार, प्रत्येकाची एक्सेल वेगळी, एकानं रेव्हेन्यू लाखात लिहिलाय, दुसऱ्यानं कोटीत, तिसऱ्यानं जीएसटी धरून, चौथ्यानं डॉलरमध्ये, आणि कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता स्क्रीनशॉट टाकून मोकळा. हे सगळं एका जागी आणून इन्व्हेस्टरना जाणारा रिपोर्ट काढणं, पैसे मागणाऱ्या स्टार्टअपकडून आलेल्या पिच डेकची (प्रेझेंटेशनची) नोंद ठेवणं, प्रत्येक फंडिंग राउंडनंतर कॅप टेबल (कंपनीत कोणाचा किती हिस्सा तो तक्ता) जुळवणं, हे खरं काम. सेबीच्या 2012 च्या एआयएफ (खाजगी गुंतवणूक फंड) नियमांखालचा फंड असेल तर, नवख्या स्टार्टअपमध्ये पैसे घालणारे एंजल फंड सोडून, एकेका इन्व्हेस्टरचे साधारण कमीत कमी 1 कोटी असतात, तिथं आकडा चुकून कसं चालेल?

पण मागणीत फिनटेक लिहिलं की तसलेच लोक येतात, तुम्ही त्यांना अल्गोरिदमची कोडी घालता, पास झालेला जॉइन होतो आणि थोड्याच महिन्यांत म्हणतो इथं टीम नाही, प्रॉडक्ट नाही, पार्टनर येता-जाता काम सांगतात. मग परत पहिल्यापासून शोधाशोध, आणि नव्या माणसाचा नोटीस पीरियड बऱ्याचदा 90 दिवसांचा!

म्हणून आम्ही आधी तासभर बोलायला बसतो. पहिल्या सहा महिन्यांत काय बनवायचं, कोणाच्या हाताखाली, कुठला डेटा त्याला उघडा असणार, हे ठरल्याशिवाय माणूस शोधत नाही. अमेरिकेतलं वाय कॉम्बिनेटर 2005 ला सुरू झालं, धंदा गुंतवणुकीचाच, तरी स्वतःचं सॉफ्टवेअर ते स्वतःच्या डेव्हलपरकडून बनवून घेतात. तुमचं काम त्यामानानं छोटं असेल, पण माणूस तुमच्या टीमच्या शेजारी बसणारा पाहिजे.

ईसॉपचं, म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर द्यायचं पण आधीच ठरवा, चांगला कॅन्डिडेट हे विचारणारच, त्याचा राग धरू नका. फर्म एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर शेअरच नसतात, मग बोनस की कॅरीमधला, म्हणजे फंडाच्या नफ्यातल्या फर्मच्या वाट्यातला छोटा हिस्सा ते स्पष्ट सांगा.

आमच्याकडं कोण मिळतंय? व्हीटीयू ही इंजिनीअरिंगची युनिव्हर्सिटी बेळगावातच, उद्यमबागेत गोगटे इंजिनीअरिंग कॉलेज, इथली मुलं शिकून पुण्या-बंगळूरला जातात आणि घरची माणसं, खानापूर-निपाणीकडची शेती यासाठी परत यायला बघतात. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश चारही येतंय. हुबळीच्या फाउंडरला फोन लावून हा आकडा जीएसटी धरून आहे काय असं कन्नडात विचारणारा डेव्हलपर मिळाला तर तुमच्या अ‍ॅनालिस्टचे किती ईमेल कमी होतात बघा.

फी माणूस जॉइन झाल्यावरच. तीन महिन्यांत सोडून गेला तर दुसरा शोधायची वेगळी फी घेत नाही, फक्त सांगितलेलं काम आणि दिलेलं काम एकच पाहिजे. टिळकवाडीच्या ऑफिसला येताना मागच्या क्वार्टरच्या दोन-तीन एक्सेल नावं-आकडे बदलून घेऊन या, टेस्ट आम्ही त्यावरच काढतो.