पांढऱ्या मेणाआडची अळी

ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या रखरखीत भागांत फड्या निवडुंगाच्या फडांवर कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात. असा पुंजका चिरडला तर बोट गर्द लाल होते, कारण मेणाखाली कोचिनील ही खवलेकीड बसलेली असते आणि तिच्या अंगात कार्मिनिक आम्ल भरलेले असते. (आपल्या ‘किरमिजी’ शब्दाच्या मुळाशीही असाच एक रंगकिडा आहे.)

याच पुंजक्यात हायपरॅस्पिस ट्रायफर्काटा या चिमुकल्या ढालकिड्याची अळी राहते. ती कोचिनील खाते आणि स्वतःच्या अंगावरही तसेच पांढरे मेण वागवते, त्यामुळे भक्ष्य आणि भक्षक नुसत्या डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. चिरडूनही उलगडा होत नाही, कारण खाल्लेल्या कोचिनीलचा रंग अळीच्या रक्तातही उतरलेला असतो.

म्हणून मऊ कुंचल्याने मेण अलगद बाजूला सारावे आणि भिंगातून पाहावे. कोचिनीलची प्रौढ मादी फडात सोंड रुतवून जागच्या जागी बसलेली असते. अळी मात्र डिवचताच चालू लागते. तरीही हालचाल करणारी प्रत्येक अळी ढालकिड्याचीच असेल असे नाही, आणि इथे पाय मोजणे ही मला सर्वांत भरवशाची खूण वाटते. छातीपाशी पायांच्या तीनच जोड्या असतील तर ती ढालकिड्याची अळी. त्यांशिवाय पोटाखाली मांसल पायही असतील, तर ती लेटिलिया या पतंगाची अळी, जी कोचिनीलच्या वस्तीत रेशमी बोगदे विणते. पायच नसतील, तर ती ल्युकोपिस माशीची अळी. कायलोकोरस कॅक्टाय या दुसऱ्या ढालकिड्याची अळी काटेरी आणि मेणाविना असल्याने ओळखायला सोपी जाते.

कार्मिनिक आम्ल मुंग्यांना नकोसे असते, हे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये दाखवले. मुंगीने चावा घेताच लेटिलियाची अळी तेच लाल आम्ल ओकते, तर हायपरॅस्पिसची अळी आपल्या लाल रक्ताचे थेंब बाहेर सोडते. भक्ष्याचे संरक्षक रसायन भक्षकाच्याही कामी येते.

महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांची अशीच फसगत क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी करू शकते. हा मित्रकीटक 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची पांढरी अळी ती खात असलेल्या पिठ्या ढेकूण या किडीसारखीच दिसते. पण ती पूर्ण वाढली की ढेकणापेक्षा मोठी असते, तिचे मेणाचे झुपके लांब असतात आणि ती भरभर चालते. फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी घडावरच्या पांढऱ्या किडीकडे घटकाभर निरखून पाहिले, तर तिची चाल लगेच लक्षात येते.