कपाटातली बाटली आणि ताटातली सुरमई

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत वर्षअखेरीच्या एकत्र जेवणाला (31 डिसेंबर मार्गशीर्षातल्या गुरुवारी येत नाही ना, हे आधीच पाहिलेले असते) प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. मागे एकदा एका स्नेह्यांनी भेट मिळालेली आणि सहा वर्षे स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटात जपून ठेवलेली रेड वाइन आणली. बूच निघाले, तेव्हा पेल्यातला रंग विटकरी दिसला आणि वास शिजवलेल्या फळांचा आला. भिडेखातर सर्वांनी घोटभर घेतली, वर तळलेल्या सुरमईचा तुकडा खाल्ला आणि जिभेवर गंजक्या लोखंडाची चव रेंगाळली. ही फजिती दोन वेगवेगळ्या रासायनिक कारणांनी झाली होती.

पहिले कारण ठाण्याचा उन्हाळा. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज मोजक्याच वाइनना लागू पडतो. बहुतेक बाटल्या थोड्या वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच तयार केलेल्या असतात. साठवणीसाठी साधारण 12 ते 13 अंश सेल्सिअस तापमान योग्य मानतात, तर आपल्याकडच्या बंद कपाटात कित्येक महिने ते तिशीच्या वर असते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. शिवाय दिवसा द्रव प्रसरण पावून बुचावर दाब देतो आणि रात्री आकुंचन पावताना हवा आत ओढतो, त्यामुळे ऑक्सिजन हळूहळू रंग आणि सुगंध दोन्ही बिघडवतो.

दुसरे कारण लोह. जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले, की वाइनमधील लोहाचे प्रमाण जितके जास्त, तितका सागरी अन्नाबरोबर येणारा उग्र वास तीव्र होतो. लोहाला बांधून ठेवणारे द्रव्य मिसळताच तो वास कमी झाला. माशांतील असंतृप्त मेदाम्लांपासून वासाची संयुगे तयार होण्यात या लोहाचा हात असतो. सगळ्याच रेड वाइनमध्ये लोह जास्त असते असे नाही, पण बाटलीच्या लेबलावर त्याचा आकडा छापलेला नसल्यामुळे मासळीच्या जेवणाला मी व्हाइट किंवा स्पार्कलिंग (फसफसणारी) वाइनच निवडतो. तिची आंबट धार सुरमईवर पिळलेल्या लिंबाचेच काम करते. मसाला तिखट असेल, तर अल्कोहोल कमी असलेली बाटली बरी, कारण मिरचीने चेतवला जाणारा मज्जातंतूंवरचा उष्णतेचा संवेदक एरवी सुमारे 42 अंशांना जागा होतो, पण अल्कोहोलच्या सान्निध्यात तो शरीराच्या तापमानालाच जागा होतो आणि तोंड अधिक भाजते.

स्पार्कलिंग बाटली मात्र नीट थंड करायला हवी. तिच्या आत 5 ते 6 वातावरणांचा दाब असतो, म्हणजे चारचाकीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून अधिक. विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडलेल्या नियमानुसार द्रवात विरघळणारा वायू त्यावरील दाबाच्या प्रमाणात असतो, आणि द्रव जितका थंड तितका वायू त्यात टिकून राहतो. कोमट बाटली उघडली, तर निम्मी वाइन फेसाबरोबर टेबलावर जाते. ऐनवेळी थंड करायची असल्यास बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ घातलेल्या बादलीत ती अर्धा तास बुडवावी. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये मीठ घालतात, ते याच कारणासाठी: मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू शून्याखाली जातो. नुसत्या बर्फात काचेला खड्यांचा मोजक्या ठिकाणीच स्पर्श होतो, तर पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते.

750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच पेले होतात, एवढा हिशेब पाहुणे मोजताना पुरतो. बुडबुड्यांची संख्या मात्र पेला कसा पुसला यावरही ठरते, कारण बहुतेक बुडबुडे काचेला चिकटलेल्या कापसाच्या किंवा कागदाच्या सूक्ष्म तंतूंत अडकलेल्या हवेपासून जन्मतात. म्हणून एकाच बाटलीतून भरलेल्या दोन पेल्यांपैकी सुती फडक्याने पुसलेल्या पेल्यात बुडबुड्यांच्या माळा सुटतात आणि नुसत्या निथळत ठेवलेल्या पेल्यातली वाइन जवळजवळ शांत दिसते.