२५२० ही 'एकमेव' संख्या नाही

'१ ते १० या सर्व अंकांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०' असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. भाग जातो हे खरंच आहे, चूक आहे ती 'एकमेव' या शब्दात. २५२० हा १ ते १० यांचा लसावि, म्हणजे अशी सर्वांत लहान संख्या. तिची दुप्पट ५०४०, तिप्पट ७५६० यांनाही दहाही अंकांनी निःशेष भाग जातो. अशा संख्या अनंत आहेत.

२५२० = ८ × ९ × ५ × ७. म्हणून तपासायला चारच भाजक पुरतात: ८ मध्ये २ आणि ४ आले, ९ मध्ये ३, तर ६ आणि १० आपोआप जुळतात. १ ते १० थेट गुणले तर ३६,२८,८०० येतात, म्हणजे २५२० च्या १४४० पट, कारण २, ३ आणि ५ पुन्हापुन्हा मोजले जातात.

आता २५२० तीनदा शेजारी लिहा: २५२०२५२०२५२०. शेवटचे तीन अंक ५२०, त्यांना ८ ने भाग जातो. अंकांची बेरीज २७, म्हणून ९ ने. शेवटी शून्य, म्हणून ५ ने. ७ ने भागाकार कागदावरच करा, ३६००३६००३६० येईल; संख्या फार लांब झाली की मोबाइलचा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गाळू शकतो.

आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने = २५२० हा गुणाकारही बरोबर, पण ३० × १२ म्हणजे ३६०, आणि वर्ष काही ३६० दिवसांचं नसतं. आणि १ ते २० साठी हवी असेल तर सर्वांत लहान संख्या २३,२७,९२,५६०.