अपलोड केलेली फाइल, तिचा कंटेंट टाइप आणि ब्राउझरचा आगाऊपणा

कंटेंट टाइप, म्हणजे ही फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी चिठ्ठी, हे मुळात ईमेलचं प्रकरण, १९९२ मधलं. वेबने ते आयतं उचललं, १९९५ मधे फॉर्ममधून फाइल अपलोड करायची पद्धत कागदावर आली आणि तेव्हापासून फाइलचा टाइप काय हे ब्राउझरच सांगतो, आपला कोड मान डोलावतो. आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) ६-७ च्या काळात सर्व्हरवरचा पीएचपी कोड लिहिलेल्यांना आठवत असेल, साधी जेपेग टाकली तरी आयई 'इमेज/पीजेपेग' पाठवायचा आणि 'इमेज/जेपेग' तपासणारा कोड फोटो परत पाठवायचा.

पण खरा घोळ स्निफिंगचा. हेडर (फाइलसोबत सर्व्हर पाठवतो ती माहिती, टाइप त्यातच असतो) काय म्हणतोय ते राहूदे, फाइलचे सुरुवातीचे बाइट हुंगून मीच ठरवतो, हा ब्राउझरचा बाणा. १९९९ च्या एचटीटीपी १.१ मधे, म्हणजे वेबच्या नियमावलीत, स्पष्ट होतं की टाइप दिलाच नसेल तरच अंदाज लावा, पण आयईने ते धाब्यावर बसवलं, पहिले २५६ बाइट बघायचे आणि एचटीएमएलसारखं (वेबपानाच्या कोडसारखं) काही दिसलं की वर जेपेग लिहिलेलं असलं तरी ते पान म्हणून उघडायचं. म्हणजे प्रोफाइल फोटोच्या नावाने कोणी एचटीएमएल चढवलं आणि दुसऱ्याने त्या लिंकवर क्लिक केलं की आतली स्क्रिप्ट तुमच्याच डोमेनवर चालणार, लॉगिनची कुकी गेली.

सगळे आयईलाच शिव्या घालतात, मला मात्र सर्व्हरवाले जास्त दोषी वाटतात. अपाची या वेब सर्व्हरला फाइलचं एक्स्टेंशन ओळखू आलं नाही की तो 'टेक्स्ट/प्लेन' लावून मोकळा, मग व्हिडिओ असो की झिप, स्क्रीनभर अगम्य चिन्हांची रांगोळी. हेडर असा खोटं बोलणार असेल तर ब्राउझरने करायचं तरी काय? (२०१२ च्या अपाची २.४ मधे ती सवय काढली, फारच उशिरा.) २००७ च्या सुमाराला तर वर्डची डॉकएक्स फाइल चढवली की आयईमधे झिप होऊन उतरायची, कारण डॉकएक्स आतून झिपच असते आणि सर्व्हरच्या यादीत ती नसायची. क्लायंटचा फोन ठरलेला, "फाइल करप्ट आहे."

२००८ मधे आयई ८ च्या बीटासोबत 'नोस्निफ' हेडर आला, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरला सांगायचं की हुंगू नको, मी दिलेला टाइपच मान, इमेजला एचटीएमएल समजणंही तिथेच थांबलं. फायरफॉक्सने नोस्निफ घेतला थेट २०१६ मधे, तोही स्क्रिप्ट आणि स्टाइलपुरता. मधल्या काळात स्निफिंगचेच नियम लिहून काढले गेले, आणि मोठ्या साइटींनी युजरच्या फाइली सरळ वेगळ्या डोमेनवर नेल्या किंवा 'अटॅचमेंट' लावून डाउनलोडच करायला लावल्या.

एसव्हीजीपुढे, म्हणजे कोडमधे लिहिलेल्या चित्रापुढे, मात्र नोस्निफचं काही चालत नाही. टाइप अगदी खरा, इमेजचाच, आणि तरी आत स्क्रिप्ट बसते. इमेज टॅगमधे दाखवली तर गप्प राहते, तीच लिंक नव्या टॅबमधे उघडली की चालते.