अस्तर: समुद्रावरून द्रव वाहणाऱ्या भांड्यांची पार्श्वभूमी

घारापुरी बेटाच्या किनाऱ्यावर जुन्या मोठ्या कुंभांची खापरं मिळाली आहेत. लेणी पाहायला गेलेल्या कुणाच्या नजरेला ती पडत नाहीत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची अशी बरीचशी खापरं अभ्यासक कितीतरी वर्षं रोमन मद्यकुंभांची समजत होते. रोबर्टा टोम्बर या संशोधिकेने ती पुन्हा हाताळली आणि २००७ मध्ये दाखवून दिलं की त्यांतली अनेक रोमची नव्हेत, तर मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडून आलेली आहेत. हे कुंभ उभट, बिनकानाचे आणि तळाशी निमुळते असत. अभ्यासक त्यांना ‘टॉर्पेडो जार’ म्हणतात. काळ साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून नवव्या शतकापर्यंतचा. गुजरातेत संजाणला ते मिळाले, श्रीलंकेत मिळाले, थायलंडच्या चिखलात रुतलेल्या फानोम-सुरिन जहाजातही मिळाले.

या खापरांची ओळख पटते ती आतल्या बाजूने. तिथे काळा लेप असतो आणि तो डांबराचा असतो. नैऋत्य इराणात डांबर जमिनीतून आपोआप पाझरतं. कुंभांमधल्या लेपांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा बऱ्याच नमुन्यांचा माग त्याच भागापर्यंत पोचला. भाजलेली माती वजन पेलते, पण तिच्यातून द्रव झिरपतो. डांबरातून थेंबही झिरपत नाही, पण नुसत्या डांबराचं भांडं उभं राहणार नाही. म्हणून दोघांनी काम वाटून घेतलं: ताकद बाहेरच्याची, शुद्धता आतल्याची. ज्या बेटावर ही खापरं मिळाली, त्याच्या समोरच आज न्हावा-शेवा बंदर आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातून दर वर्षी लाखो कंटेनर जातात. त्यांतल्या काहींच्या आत प्लास्टिकची एक अवाढव्य पिशवी पसरलेली असते आणि तिच्यात वीस-बावीस हजार लिटर द्रव असतो. हिलाच फ्लेक्सिटँक म्हणतात. माझ्या मते डांबर लावलेला कुंभ आणि ही पिशवी एकाच विचाराची दोन टोकं आहेत. मधल्या काळात अस्तर हळूहळू भांड्यापासून सुटं होत गेलं. हे सुटं होणं कसं घडलं, ते सांगण्याजोगं आहे.

अस्तराचं महत्त्व आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागू नये. पितळेच्या पातेल्यात आमटी करायची तर कल्हई हवीच. ती उडाली की चिंच-आमसुलाचा पदार्थ कळकतो. पत्र्याचा डबा तरी काय, लोखंडाच्या पातळ पत्र्याला कथिलाचा मुलामा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन रॉकेल अशाच चौकोनी डब्यांतून आशियात यायचं, एका लाकडी खोक्यात दोन डबे. जहाजाच्या पोटातली बरीचशी जागा डबे आणि खोकीच खाऊन टाकत. मार्कस सॅम्युअल या लंडनच्या व्यापाऱ्याने १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ हे टाक्यांचं जहाज सुएझ कालव्यातून पाठवलं आणि काळ्या समुद्रावरच्या बाटुमी बंदराचं रॉकेल सुटं, डब्यांशिवाय पूर्वेकडे आणलं. खर्चात तो जिंकला, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता. रिकाम्या डब्याचा पत्रा छपराला लागे, त्याची भांडी होत, बादल्या होत. अमेरिकन प्रतिस्पर्ध्याचे डबे निळे होते. सॅम्युअलने पूर्वेतच लाल डबे बनवून घ्यायला सुरुवात केली. आपल्या वाण्याकडचा खाद्यतेलाचा १५ किलोचा डबा याच घराण्यातला.

त्याआधी आणि त्याच्या बरोबरीनेही लवचीक भांडी होतीच. तुपातेलाचे चामड्याचे बुधले होते, रेड्याच्या पाठीवर पाण्याची पखाल होती. पखाल रिकामी झाली की चपटी होते, परतीच्या वाटेवर जागा अडवत नाही. हा गुण पुढे फार मोलाचा ठरला.

पोलादी पिंपाचा इतिहास थोडक्यात आटोपतो. वेडाच्या सोंगाने वेड्यांच्या इस्पितळात शिरून बातमीदारी करणारी नेली ब्लाय लग्नानंतर न्यूयॉर्कमधला आयर्न क्लॅड हा कारखाना चालवत होती. तिथला हेन्री वेरहान याने पोलादी पिंपाची रचना केली आणि १९०५ मध्ये तिचं पेटंट मिळालं. साधारण २०८ लिटरचं, अंगावर वळ्या असलेलं, गडगडत नेता येईल असं हे पिंप दुसऱ्या महायुद्धात जगभर पोचलं. पण उघडं पोलाद आम्लाला आणि खाद्यपदार्थांना चालत नाही. म्हणून पिंपाच्या आत लाखेसारखा किंवा इपॉक्सीचा लेप द्यावा लागतो. अस्तर इथेही भांड्याला चिकटलेलंच आहे. लेपाला टवका गेला की सगळं पिंप बाद.

अस्तर भिंतीपासून सुटलं ते १९५५ मध्ये. विल्यम शोल या अमेरिकन रसायनतज्ज्ञापुढे प्रश्न होता बॅटरीतलं आम्ल सुरक्षितपणे पोचवण्याचा. त्याने प्लास्टिकची पिशवी केली आणि ती खोक्यात ठेवली. पिशवीला वजन पेलायचं नाही, खोक्याला आम्लाचा स्पर्श होणार नाही. हीच युक्ती मग दुधाला लागू पडली. १९६५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्क गावच्या थॉमस अँगोव्ह यांनी ती वाइनला लावली. पहिल्या खोक्याला तोटीसुद्धा नव्हती. पिशवीचा कोपरा कापायचा, ओतून घ्यायचं आणि चिमटा लावून बंद करायचं. फायदा मात्र पहिल्या दिवसापासून होता: वाइन जसजशी कमी होते तसतशी पिशवी आत मिटत जाते, हवा शिरत नाही आणि उरलेली वाइन आंबत नाही. बाटलीला हे जमत नाही.

याच सुमारास केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम हॉथॉर्न यांनी आणखी धाडसाची कल्पना मांडली. १९५६ च्या सुएझ पेचामुळे तेलाच्या वाहतुकीची चिंता पडली होती. रबर चढवलेल्या नायलॉनची लांबलचक नळीसारखी पिशवी करायची, तिच्यात तेल भरायचं आणि बोटीमागे ओढत न्यायची. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे पिशवी तरंगते. नाव ‘ड्रॅकोन’. इथे पेटीच नाही, कारण पिशवीला चहूबाजूंनी समुद्रच सावरून धरतो. ड्रॅकोनने तेलजहाजांची जागा घेतली नाही, पण बाहेरून नीट आधार मिळाला तर पातळ कापडही शेकडो टन द्रव सांभाळतं, हे त्याने सिद्ध केलं.

यापुढचा टप्पा रत्नागिरी-देवगडच्या आंब्यापर्यंत येतो. इंडियानात टोमॅटोच्या कॅनिंगच्या घरात वाढलेले फिलिप नेल्सन पुढे पर्ड्यू विद्यापीठात अन्नशास्त्राचे प्राध्यापक झाले. टोमॅटोचा हंगाम काही आठवड्यांचा. तेवढ्यात सगळा माल डब्यांत भरायचा म्हणजे कारखान्याची दमछाक. नेल्सन यांनी इपॉक्सीचं अस्तर दिलेल्या प्रचंड पोलादी टाक्या निर्जंतुक करून त्यांत उष्णतेने निर्जंतुक केलेला आणि थंड केलेला लगदा साठवण्याची रीत बसवली. झडपा आणि गाळण्या अशा की आत एक जंतूही जाऊ नये. हीच रीत पुढे पिशवीवर आली. अनेक थरांची पिशवी आधी गॅमा किरणांनी निर्जंतुक होते, मग तिच्यात थंड पल्प भरतात आणि ती पिंपात बसते. २००७ मध्ये नेल्सन यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आज हापूसचा पल्प परदेशी जातो तो बराचसा अशाच, दोनशे किलोंच्या वर माल मावणाऱ्या पिंपांतून, आणि बर्फाशिवाय वर्ष-दीड वर्ष टिकतो. डब्यात भरून मग डबा तापवायचा तर मधल्या भागापर्यंत उष्णता पोचेस्तोवर कडेचा रस शिजून जातो. पिशवीच्या रीतीत रस पातळ थराने तापतो आणि लगेच निवतो. वासात फरक पडतो तो इथे.

पेटी मोठी होण्याचं काम दुसऱ्याच माणसाने केलं. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचं ‘आयडियल एक्स’ जहाज न्यूअर्कहून ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं. हे जहाज मुळात युद्धकाळातलं तेलजहाज होतं. पुढे पेट्यांची मापं जगभर एक झाली आणि द्रवासाठी त्याच मापाच्या चौकटीत बसवलेली स्टेनलेस स्टीलची टाकी आली. टँक कंटेनर म्हणतात तो हाच. तो भक्कम असतो, वर्षानुवर्षं चालतो, धोकादायक रसायनंही नेतो. अडचण परतीची. एरंडेल घेऊन गेलेली टाकी परत येताना काय आणणार? ती धुवा, धुतल्याचा दाखला घ्या आणि रिकामी परत आणा. मालकाला परतीचं भाडं भरावंच लागतं.

फ्लेक्सिटँक या अडचणीतून जन्माला आला. सुरुवातीच्या पिशव्या रबरी कापडाच्या, धुऊन पुन्हा वापरायच्या होत्या. मग पॉलिएथिलीनच्या, एकदाच वापरायच्या आल्या आणि त्यांनीच बाजार व्यापला. साधा वीस फुटी कोरडा कंटेनर घ्यायचा आणि काही वेळापुरती त्याची टाकी करायची. कंटेनर आधी झाडून पुसून तपासतात. जमिनीत वर आलेला खिळा, पत्र्याची धार, वेल्डिंगचा खडबडीतपणा, काहीही राहिलं तर पिशवी गेली. मग भिंतींना जाड कागद किंवा पन्हळी पुठ्ठा लावतात, म्हणजे अस्तराला पुन्हा अस्तर. दाराशी पोलादी आडवे गज आणि फळी बसवतात. पिशवी घडीतून उलगडून जमिनीवर पसरतात. तिच्या आत पॉलिएथिलीनचे थर असतात आणि बाहेर विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचं कवच. वाइनसारख्या द्रवाला ऑक्सिजन चालत नाही, म्हणून मध्ये ईव्हीओएच या हवा अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर घालतात. डावं दार बंदच ठेवतात आणि उजव्या बाजूने नळी जोडून भरतात. दारावर ठळक सूचना चिकटवतात: पिशवी रिकामी होईपर्यंत डावं दार उघडू नका. थंडीत थिजणारं तेल असेल तर पिशवीखाली तापवायची गादीही घालतात.

कमाल मर्यादा २४,००० लिटर आणि २४ टन. ग्लिसरीन पाण्याहून सव्वापट जड, म्हणजे त्याची पिशवी १९,००० लिटरच्या आसपासच घ्यायची. आणि जेवढ्या मापाची पिशवी तेवढी ती पूर्ण भरायची. अर्धवट भरली तर गाडीने ब्रेक लावताच द्रव उसळतो आणि लाटेसारखा दारावर आदळतो.

या रचनेतला खरा कच्चा दुवा मला पिशवीत दिसत नाही, पेटीच्या भिंतीत दिसतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नियमानुसार कंटेनरच्या बाजूच्या भिंतीने मालाच्या कमाल वजनाच्या ०.६ पट भार सोसला पाहिजे, पण तो सबंध भिंतीवर सारखा पसरलेला धरून. द्रवाचा दाब तसा नसतो. वर शून्य, तळाशी सर्वांत जास्त. शिवाय ही भिंत जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पन्हळी पत्र्याची. म्हणून वापरलेल्या कंटेनरच्या बाजू फुगून बाहेर येतात. फुगलेला कंटेनर जहाजाच्या खाचेत अडतो, शेजारच्याला घासतो. जहाज कंपन्या वर्षानुवर्षं याच कारणाने फ्लेक्सिटँकला नाकं मुरडत आल्या. कंटेनर मालकांच्या संघटनेने मग आचारसंहिता केली आणि २०१४ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेचं पीएएस १००८ हे विनिर्देश आलं. त्यात भरलेल्या पिशवीसकट कंटेनर रेल्वेच्या वाघिणीवर ठेवून धडक देतात आणि किमान २ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट, इतक्या धक्क्यात गळती होत नाही ना ते पाहतात. धोकादायक मालाला फ्लेक्सिटँकमध्ये मुळीच परवानगी नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? १९९४ मध्ये अमेरिकेत आइस्क्रीममधून साल्मोनेलाची साथ पसरली. अंदाजे २ लाख २४ हजार माणसं आजारी पडली. पाश्चरीकरण केलेलं मिश्रण ज्या टँकरमधून आलं, त्याच टँकरमधून आधी कच्ची पातळ अंडी नेली होती. २०२४ मध्ये चीनमध्ये कोळशापासून बनवलेलं इंधन वाहणारे टँकर न धुताच खाद्यतेल भरतात हे बीजिंगच्या एका वर्तमानपत्राने उघड केलं आणि देशभर संताप उसळला. टाकीला पूर्वेतिहास असतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संहितेत खाद्यतेलाआधी टाकीत कुठला माल चालेल याची यादीच द्यावी लागते. नव्या पिशवीत आधी काहीच नव्हतं, तिचा सर्वांत मोठा गुण हाच. अर्थात पॉलिएथिलीनमधून वास शिरतो. आधी तिखट वासाचा माल नेलेला कंटेनर निवडला तर वाइनला तो वास लागू शकतो, मग पिशवी कितीही कोरी असो.

आर्थिक हिशेब सोपा आहे. वीस फुटी कंटेनरात भरलेल्या बाटल्या मावतात बारा-तेरा हजार. पिशवीत जाणारी वाइन भरते ३२,००० बाटल्यांइतकी. ऑस्ट्रेलियातून निर्यात होणारी निम्म्याहून जास्त वाइन म्हणूनच सुटी जाते आणि ब्रिटनसारख्या देशांत पोचल्यावर बाटल्यांत भरली जाते. गुजरातचं एरंडेल कांडला-मुंद्र्याहून असंच जातं. एरंडेलाच्या उत्पादनात आणि निर्यातीत भारत जगात पहिला.

प्रश्न उरतो तो रिकाम्या पिशवीचा. रोममध्ये मोन्ते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. ती सगळी फुटक्या कुंभांची आहे, अंदाजे पाच कोटींहून अधिक, बहुतेक स्पेनमधून ऑलिव्ह तेल आणलेल्या. मद्याच्या कुंभांना राळेचं अस्तर देत, पण तेलाच्या कुंभांना ते देत नसत. माती तेल पिऊन खवट होई आणि कुंभ दुसऱ्यांदा वापरता येत नसे. फ्लेक्सिटँकचंही तेच होतं. आतून तेलकट, दोन वेगळ्या जातींच्या प्लास्टिकची आणि वाइनच्या पिशवीत तिसऱ्या थराची भर. ती पुनर्वापरात घालायची तर आधी धुवावी लागते, थर वेगळे करावे लागतात, आणि नवी पिशवी त्याहून स्वस्त पडते. काही उत्पादक आता एकाच जातीच्या प्लास्टिकची पिशवी करू लागले आहेत, काही जण वापरलेल्या पिशव्या परत गोळा करतात. पण पिशवी जिथे रिकामी होते तिथेच ती पडते. म्हणजे विल्हेवाटीची जबाबदारी आयात करणाऱ्यावर येते, आणि भाड्याच्या दरात तिचा खर्च सहसा धरलेला नसतो.